डोक्याने मारलेला गोल

कोच, मला पहिल्यांदा भीती वाटली ती तुम्ही ईराला मेगन म्हणून हाक मारलीत तेव्हा. सिलिकॉन ओएसिसच्या मैदानावर संध्याकाळचा सराव चालू होता. उकाडा नुकताच उतरला होता, पोरी मजेत होत्या. तुम्ही कडेला उभ्या राहून ओरडलात, "मेगन, मागे ये! मागे!" कुणीच मागे आलं नाही. तुम्ही पुन्हा ओरडलात, या वेळी चिडून, बोट थेट माझ्या लेकीकडे. ईरा बिचारी इकडेतिकडे बघत मागे सरकली. पाणी प्यायला आली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "ममा, हू इज मेगन?" मी म्हटलं, असेल कोचच्या जुन्या टीममधली कुणीतरी. पोरी हसल्या. तुम्हीही हसलात, पण जरा उशिरा. आणि हसताना तुमची नजर ईराच्या चेहऱ्यावरून हलेना. ही मुलगी कोण, हे तुम्ही शोधत होता. अकादमीच्या लहान गटापासून ती तुमच्याच हाताखाली खेळत आली होती.

तुम्ही गेल्यावर तुमच्याबद्दल जे जे छापून आलं ते तुमच्या डॅनियलनं मला पाठवलंय. किती किताब, कुठली कॉलेजं, कुठला क्लब, सगळं बरोबर आहे. मी एकदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. त्यात ओरडणारं कुणीच नव्हतं. तुमच्याशी सात वर्षं बोलले ते सगळं इंग्रजीत, आणि तुमच्या तोंडी मी कायम 'शुबी'. शुभांगी म्हणायचा तुम्ही एकदाच प्रयत्न केलात आणि हात वर करून शरण गेलात. आज मराठीत लिहितेय, कारण तुम्हाला कळेल अशा भाषेत हे मला लिहिता यायचं नाही.

आपण भेटलो तेव्हा मी शाळेत पीटी टीचर होते. तुम्ही आमच्या मुलींसाठी दोन तासांचं शिबिर घ्यायला आला होतात आणि मी पोरींना सरावाचे रंगीत बिब वाटत होते. एक चेंडू उडत माझ्याकडे आला. मी छातीवर घेतला, मांडीवर टाकला आणि तुमच्या पायाशी दिला. तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत.

"कुठे खेळायचीस?"

"कोल्हापुरात."

"ते कुठे आलं?"

"इंडियात. आमच्याकडे क्रिकेटपेक्षा फुटबॉल मोठा."

तुमचा विश्वास बसला नाही. मी फोनवर आमच्या पेठेच्या तालमीच्या टीमची मॅच दाखवली. गच्च भरलेलं स्टेडियम, गुलाल, हलग्या, भिंतीवर चढून बसलेली माणसं. तुम्ही तो व्हिडिओ परत परत पाहिलात. म्हणालात, "आणि या गावातली बाई इथे बिब वाटत बसलीय?" पुढच्या महिन्यात मी अकादमीत तुमची असिस्टंट होते. कोचिंगच्या लायसन्सच्या परीक्षेचा फॉर्म तुम्हीच भरलात. मी नापास होईन म्हणून रडत होते, तेव्हा तुम्ही मला गाडीत बसवलंत, रास अल खोरला माझ्या नवऱ्याच्या भाजीच्या गाळ्यावर नेलंत आणि राजेंद्रला सांगितलंत, "तुझ्या बायकोला दोन महिने स्वयंपाक करायला लावायचा नाही." राजेंद्र पिंजऱ्यातल्या कोंबडीसारखा बघत राहिला. "येस मॅडम," एवढंच बोलला. ते दोन महिने आम्ही शेजारच्या केरळी हॉटेलचं जेवलो. मी पास झाले, कोच. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले असं मी म्हणणार नाही, कारण मानले होते. तुम्ही म्हणाला होतात, "आभार राहू दे, मैदानावरचे कोन उचल."

तुमच्या अमेरिकेतल्या दिवसांबद्दल तुम्ही तुकड्या तुकड्यानं सांगायचा, बहुतेक वेळा गाडी चालवताना. पोरांच्या टीमचा सराव संपल्यावर उरलेल्या उजेडात तुमच्या पोरींना मैदान मिळायचं. पहिल्या वर्षी एकही मॅच जिंकली नाही. चौथ्या वर्षी देशातल्या सगळ्या कॉलेजांत पहिल्या आलात. मग पुन्हा. मग व्यावसायिक क्लब, तिथेही. तुम्ही स्वतः बचावात खेळलेल्या, उंच, आडदांड. कॉर्नर आला की प्रतिस्पर्धी तुमच्याकडेच बघायचे. तुमच्या टीमही तशाच. अर्धे गोल डोक्यानं. मी एकदा जुनं चित्रीकरण शोधून काढलं होतं. पोरींची रांग उभी आहे, एकेकीवर चेंडू येतोय आणि तुम्ही ओरडताय, "खालून नाही! आरपार! चेंडूच्या आरपार जा!" थप, थप, थप. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि इथे आल्यावर तुम्ही हेड मारायला बंदी घातलीत. मोठ्या मुलींनाही. सरावात कुणी डोकं लावलं तर त्या पोरीला बाहेर बसवायचा.

त्यावरून आपण सात वर्षं भांडलो. शारजाच्या टीमशी आपण हरलो ती मॅच आठवते? शेवटच्या मिनिटाला कॉर्नर, चेंडू बरोबर ईराच्या कपाळासमोर, आणि पोरगी मान वळवून उभी. परतताना मी गाडीत फुगून बसले होते.

"आमच्या तालमीत कॉर्नरला डोकं न लावणाऱ्याला घरी पाठवायचे," मी म्हटलं. "माझे वडील आयुष्यभर हेडवर गोल मारत आले."

"आणि कसे आहेत तुझे वडील?"

"ठणठणीत. कुठल्या मॅचला कुणी पास दिला ते आजही सांगतात."

"म्हणजे नशीबवान निघाले." तुमची नजर रस्त्यावर होती. एमिरेट्स रोडवर धूळ उडत होती, पुढचे ट्रक अर्धेच दिसत होते. मग तुम्ही सांगितलंत. "माझ्या पहिल्या चॅम्पियन टीमची कॅप्टन होती मेगन. माझ्याइतकं उंच उडायची. अजून पन्नाशीलाही आली नाही, शुबी. ती एका संस्थेत असते. तिच्या आईला ती रोज विचारते, तुम्ही कोण."

मला गाडीतला एसी एकाएकी फार गार लागायला लागला.

"हेडमुळे झालं का?" मी कसंबसं विचारलं.

"डॉक्टर नक्की सांगू शकत नाहीत. तिच्या आईनं मला कधी दोष दिला नाही. मी भेटायला गेले की ती चहा करते." तुम्ही गाडीचा वेग वाढवलात. "रोज सरावानंतर मी तिला थांबवून घ्यायची. एकटीला. कारण ती सगळ्यांत चांगली होती."

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मी तिच्यापेक्षा जास्त वर्षं हेड मारलेत."

त्या दिवशी मला ते नुसतं एक वाक्य वाटलं होतं. ईराला तुम्ही मेगन म्हणालात तेव्हा ते परत आठवलं, आणि त्यानंतर मी तुमच्याकडे बघायला लागले ते वेगळ्या नजरेनं. हाफटाइमला तुम्ही पोरींना समजावलंत, त्या उठल्या, आणि तुम्ही त्यांना परत बसवून तेच सगळं पहिल्यापासून सांगितलंत. एकदा तुम्ही बदली खेळाडू म्हणून जिला बोलावलंत ती आधीपासून मैदानात होती. पोरी एकमेकींकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. मी विनोद करून वेळ मारून न्यायचे. पण एका संध्याकाळी सामान भरून झालं तरी तुम्ही गाडी सुरू करीनात. मी खिडकीवर टकटक केलं. तुम्ही काच खाली केलीत. समोरच्या टॉवरांकडे बघत तुम्ही अगदी शांतपणे विचारलंत, "शुबी, यातला माझा कुठला?"

मी तुम्हाला दारापर्यंत सोडलं. लिफ्टमध्ये आरसा होता. तुम्ही आरशाकडे पाठ करून उभ्या राहिलात.

"डॉक्टरकडे चला," मी म्हटलं.

"जाऊन आले."

"काय म्हणाले?"

"फायनल होऊ दे. मग खलास. मग मी स्वतः सांगेन सगळ्यांना."

फायनलला अजून बराच अवकाश होता. मध्ये बाहेरगावच्या मॅचेस होत्या, आणि पोरींची बस तुमच्या गाडीमागून जायची. तुम्ही चुकीच्या बाजूला वळलात तर काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसायचं. राजेंद्र म्हणाला, "आपल्या पोरी आहेत त्या बसमध्ये. बोलायला पाहिजे." मी डॅनियलला ओहायोत फोन केला. आईचं नाव घेतल्याबरोबर तो म्हणाला, "कधीपासून?" जणू तो त्या फोनची वाटच बघत होता. मग मी अकादमीच्या डायरेक्टरना सांगितलं. माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे, की ते सांगायलाच हवं होतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आलात. सोफ्यावर बसलात. मी चहा ठेवला, तो तुम्ही बाजूला सरकवलात.

"फायनलला बेंचवर कोण?"

"मी," मी म्हटलं. "तुम्ही शेजारी बसा, कोच. सगळं तुम्हीच सांगा, मी फक्त—"

"म्हणजे मिळाली तुला टीम."

ईरा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, तिचं नाव घ्यायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. मग उठलात. दारात बूट घालताना तुमचा तोल गेला. मी हात पुढे केला, तो तुम्ही धरला नाहीत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी रोज दोन ओळींचा मेसेज पाठवायचे. सराव कसा झाला, कुणाचा पाय दुखतोय. तुम्ही वाचायचात. उत्तर नाही.

फायनलच्या दिवशी तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. डॅनियल आदल्याच आठवड्यात आला होता, त्यानं तुम्हाला आणलं. तुम्ही आमच्या बाजूला आला नाहीत. समोरच्या कडेला, कुंपणाजवळ, हाताची घडी घालून उभ्या राहिलात. आकाश तांबूस झालं होतं, वाळूचा वारा सुटला होता, गोलपोस्टची जाळी सारखी फडफडत होती. बरोबरी झाली. वेळ संपत आली आणि आम्हाला कॉर्नर मिळाला.

चेंडू उंच आला. ईरा त्याच्याखाली होती. तिला चेंडू ताब्यात घ्यायला वेळ होता, छातीवर घेऊन पास द्यायचा हेच आपण शिकवलं होतं. माझ्या तोंडात शब्द आला होता. माझ्या पेठेचा, माझ्या वडिलांचा शब्द. मी ओठ दाबून धरले.

आणि समोरून तुमचा आवाज आला. सगळ्या मैदानावर, त्या वाऱ्यातून. "हेड इट, मेगन! आरपार! आरपार जा!"

ईरा उडाली. तिला इतकं उंच उडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. थप असा आवाज झाला, तो मला बेंचवर ऐकू आला. गोल.

पोरी तिच्या अंगावर कोसळल्या. राजेंद्र कुंपणावर चढला. आणि तुम्ही दोन्ही हात वर करून धावत मैदानात येत होता, तरुण मुलीसारख्या, चेहरा असा उजळलेला की तसा मी तुमचा कधी पाहिला नव्हता. अर्ध्या वाटेत तुम्ही थांबलात. हात हळूहळू खाली आले. तुम्ही चालत आमच्यापर्यंत आलात. पोरी बाजूला झाल्या. तुम्ही ईराचं कपाळ दोन्ही हातांत धरलंत आणि तिथला लाल डाग अंगठ्यानं पुसायला लागलात, जसा काही तो पुसला जाणार होता.

"कुणी सांगितलं तुला?" तुम्ही विचारलंत. "कुणी सांगितलं हेड मारायला?"

पोरींचं माझ्याकडे बघून झालं होतं, डॅनियलकडे बघून झालं होतं. तेव्हा माझी पंधरा वर्षांची पोरगी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नोबडी, कोच. आय जस्ट फेल्ट लाइक इट. सॉरी."

तुम्ही तिला छातीशी धरलंत. तिच्या डोक्यावरून तुम्ही माझ्याकडे बघत होता. मला आजही कळत नाही, तुम्हाला खरं काय ते उमगलं होतं का. त्या नजरेत राग नव्हता, एवढं नक्की. मी तिथेच बोलायला हवं होतं असं नाही. तिथे कुणालाच काही बोलता आलं नसतं. त्या संध्याकाळी कोल्हापूरहून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. कुणीतरी त्यांना गोल पाठवला होता. "पोरगी कसली, वाघ हाय वाघ! माझ्यावर गेलंय!" ते आनंदानं ओरडत होते. ईरानं फोन माझ्याकडे दिला आणि ती आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तुम्ही अमेरिकेला परत जायचं ठरलं होतं त्या आठवड्यात डॅनियल तुमचं सामान बोटीनं पाठवायच्या कामात होता. तो बोटकंपनीच्या ऑफिसात बसला असताना तुम्ही कपाटातून गाडीची किल्ली शोधून काढलीत. भर जुलैची दुपार. ज्यांना स्वतःचा टॉवर सापडत नव्हता त्या तुम्ही एकटीनं सरळ शारजापलीकडच्या हमरियापर्यंत गाडी नेलीत, एकही वळण न चुकता. तिथल्या वर्कशॉपांमागचं ते वाळूचं मैदान. थंडीच्या दिवसांत सुट्टीच्या सकाळी आपण तिथे कामगारांच्या मॅचेस घ्यायचो. राजापूरचा दत्ता त्यांचा गोलकीपर. वेल्डर आहे तो. मैदानावरचे खांब त्यानंच पाइप जोडून उभे केले. तुम्ही त्याच्याशी हिंदी बोलायचा प्रयत्न करायचा आणि तो तुमच्याशी इंग्रजी, आणि शेवटी दोघं "यल्ला यल्ला", म्हणजे चला चला, करत खेळायला लागायचात.

दत्ताचा फोन मला आला. दुपारी उन्हातलं काम बंद असतं, तेव्हा तो सावलीत आडवा झाला होता. त्याला तुमची गाडी दिसली, दार उघडं. "मॅडम खांबाला टेकून बसल्या होत्या, वहिनी," तो म्हणाला. "मी पाणी पाजलं, डोक्यावर ओतलं. आम्ही चौघांनी उचलून आत एसीत नेलं. मला म्हणाल्या, पोरी अजून का नाही आल्या? मी म्हटलं, येतायत मॅडम, रस्त्यात आहेत."

तुम्ही मैदानात चेंडू मांडून ठेवले होते. हेडच्या सरावासाठी ओळीत ठेवतात तसे नाही. पायानं पास द्यायला ठेवतात तसे, जोडीजोडीनं. ते दत्तानं मला सांगितलं नव्हतं. मी नंतर डॅनियलबरोबर गाडी आणायला गेले तेव्हा ते तिथेच होते, निम्मे वाळूत बुडालेले. उन्हानं त्यांची कातडी इतकी तापली होती की हात लावता येईना.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही शेवटचे दोन दिवस होता. मी शेजारी बसून खूप बोलले, पण तुमच्याकडून काही आलं नाही. 'मिळाली तुला टीम', हे तुमचं मला उद्देशून म्हटलेलं शेवटचं पूर्ण वाक्य. डॅनियल म्हणतो, ती बोलत नव्हती, आजार बोलत होता. त्याला दिलासा द्यायचा आहे, मला कळतं. पण मी तुम्हाला ओळखते. ते तुम्हीच बोललात. तुम्हाला टीम जीवापेक्षा प्यारी होती आणि मी ती तुमच्याकडून काढून घेतली. आपलं ते भांडण अजून संपलेलं नाही. तुम्ही दार ओढून निघून गेलात म्हणून मी हरले असं मी मानणार नाही. तुम्हीही मानू नका.

डॅनियलनं जाताना आणखी एक गोष्ट सांगितली. तुम्ही गेल्यावर तुमचा मेंदू तपासणीसाठी द्यायचा, असं तुम्ही अमेरिका सोडतानाच ठरवून ठेवलं होतं. अहवाल यायला पुष्कळ महिने लागतील. आला की तो मला फोन करणार आहे. मी त्याला 'नको' म्हणू शकले नाही. रोज ईरा उठली की मी तिला काहीतरी विचारते. आज काय वार, काल काय जेवलीस. ती डोळे फिरवते. "ममा, स्टॉप." मी थांबते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. एका हेडनं काही होत नाही, हे मी पोरींच्या आयांना खात्रीनं सांगते. मग घरी येऊन तिच्या कपाळाकडे बघते.

काल समर कॅम्पला गेले. उन्हाळ्यामुळे सगळं आतल्या हॉलमध्ये चालू आहे. आत शिरण्याआधीच मला आवाज ऐकू आला. थप. थप. थप. लहान गटातल्या पोरी, सगळ्यांत छोट्या, भिंतीसमोर रांगेत उभ्या होत्या. एकेक जण चेंडू वर फेकून डोक्यानं भिंतीवर मारत होती. प्रत्येक वेळी बाकीच्या मोजत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. फायनलच्या गोलचा व्हिडिओ त्या सगळ्यांच्या आयांच्या फोनवर आहे. एकीनं केसांना ईरासारखाच पट्टा बांधला होता. तिचं कपाळ लालभडक झालं होतं आणि ती आनंदानं मला म्हणाली, "मिस, लुक! लाइक ईरा!"

मी शिट्टी वाजवली. इतक्या जोरात की स्टोअरमधला माणूस धावत बाहेर आला. चेंडू गोळा केले. पोरींना जमिनीवर बसवलं आणि मीही बसले. आता हेड नाही, म्हटलं. कुणीच नाही, कधीच नाही.

"बट वी वन विथ दॅट," ती पट्टेवाली म्हणाली.

ते खरं होतं. म्हणून मी त्यांना मेगनबद्दल सांगितलं. मग तुमच्याबद्दल. टॉवर सांगितला, हमरियाचं मैदान सांगितलं. सगळं नाही सांगितलं. समोरून कुणी काय ओरडलं, ते माझ्या तोंडून कधी येणार नाही. वर एसी घरघरत होता. एकीनं नकळत स्वतःच्या कपाळावर हात ठेवला होता.

मग त्या पट्टेवालीनं हात वर केला. "मिस, डिड कोच नो? तिला होणार आहे, हे तिला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी."